वाळू, बर्फ, कापूस

फोन आला तेव्हा मी एका नवरीची पाठवणी कापत बसले होते. कापत म्हणजे एडिट करत. वर्ध्यात घरच्या घरी लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते मी, आणि पाठवणीचं रडणं फार लांबलं की पाहुणेच ते पुढे ढकलतात, म्हणून बेतानं कापावं लागतं. फोन पुलगावहून वहिनीचा होता. ती रडत नव्हती, तेच मला आधी खटकलं. म्हणाली, "शोभाताई, तुमचे दादा उठून नाई राह्यले." मी म्हटलं, "अहो झोपले असतील, ऊन केवढं आहे…" "नाई वो. जेवले, लवंडले, आता मी चहा घेऊन गेली तं… उठूनच नाई राह्यले." मग मागून कुणाचा तरी आवाज आला, फोन कुणीतरी हातातून घेतला, आणि पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. समोर पडद्यावर ती नवरी आईच्या गळ्यात पडलेली, तोंड उघडं, तशीच थांबलेली. मीच थांबवली होती. मला तिच्याकडे बघवेना आणि पडदा बंद करायला हात पुढे होईना. मी अंगणात पळाले आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. एकटीनं घरात पाय ठेवायची माझी हिंमतच झाली नाही.

आधीच सांगून टाकते, मी जन्माची भित्री. पाल, वीज, रिकामा जिना, बंद पडलेलं घड्याळ, कशाचंही मला भेव वाटतं. प्रमोददादा गेल्यावर बरेच जण मला म्हणाले, तुझ्या भावानं भुताचे सिनेमे काढले आणि तू अशी कशी गं? त्यांना काय सांगणार? मी अशी आहे म्हणूनच त्याने ते काढले. दादा माझा आतेभाऊ, पुलगावात स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, साक्षगंधाचे फोटो, बारशाचे फोटो. आणि उरलेल्या वेळात वऱ्हाडी भाषेतले छोटे छोटे भीतीपट. आधी मोबाईलवर काढायचा, मग कर्ज काढून नव्हे, बायकोला पटवून एक बरा कॅमेरा घेतला. सगळ्या सिनेमांचं एडिटिंग मी केलं. दिवसा केलं, दार उघडं ठेवून केलं, पण केलं.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आत्याबाईकडे पुलगावला जायची. भाड्यानं व्हिडिओ आणायचा, आळीतली सगळी पोट्टी जमवायची आणि भुताचा पिक्चर लावायचा, हा दादाचा उद्योग. मी भिंतीला पाठ लावून, तोंडावर हात ठेवून, बोटांच्या फटीतून बघायची. फार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दादा पडद्याकडे बघतच नाही. तो माझ्याकडे बघत बसलेला असायचा. एकदा म्हणाला, "शोभे, तुले भूत यायच्या आधीच कसं समजते व? तू डोळे पयलेच बंद करते." मी म्हटलं, "ते दार अर्धं उघडं होतं ना." झालं. त्या दिवसापासून त्याने भूत सोडलं आणि दार धरलं. तोच पिक्चर त्याने आवाज बंद करून परत लावला, माझी मानगूट धरून बसवलं आणि विचारलं, दार किती उघडं आहे, उजेड कुठून येऊन राह्यला, कॅमेरा खाटेच्या खाली काऊन ठेवला असन. मला रडू येत होतं, त्याला आनंद होत होता. असा माणूस!

पुढे स्टुडिओत कॉम्प्युटर आला तेव्हा तर विचारू नका. कुठकुठल्या देशांचे सिनेमे तो बघायचा, भाषेचं अक्षर कळत नसताना. आवाज बंदच. मला बोलावून दोन सिनेमे शेजारी शेजारी लावायचा आणि म्हणायचा, "पाह्य, या जिन्याचं विरजण त्यानं कुठून आणलं ते." विरजण हा त्याचा शब्द. एखाद्या दिग्दर्शकानं दुसऱ्याच्या सिनेमातली चौकट म्हणजे फ्रेम उचलली, जिन्यावरून पडणारी सावली उचलली, आरशात उशिरा दिसणारा माणूस उचलला, की लोक त्याला चोरी म्हणतात नाहीतर मानवंदना म्हणतात. दादा विरजण म्हणायचा. शेजारणीकडून चमचाभर आणायचं, दूध आपल्या घरचं लावायचं, सकाळी जे लागतं ते आपलं दही. आणि त्याचे नियमही आत्याबाईच्या स्वैपाकघरातलेच. दिवेलागणीनंतर विरजण मागायचं नाही, म्हणून संध्याकाळी सहानंतर तो दुसऱ्याचा सिनेमा बघायचा नाही, म्हणजे नाहीच! आणि वाटी रिकामी परत करायची नाही. ज्याची चौकट घेतली त्याच्या चौकटीत आपलं काहीतरी घालून ठेवायचं. मी हसायचे. म्हणायचे, "तिकडच्या माणसाला काय कळणार तू काय घातलं ते?" तो म्हणायचा, "त्याले नाई कळत. वाटीले कळते."

त्याचा शेवटचा सिनेमा सुरू झाला तो एका बर्फापासून. कुठल्याशा थंड मुलुखातला सिनेमा होता. त्यात एक बाई बर्फाच्या लोटात गाडली जाते आणि शेवटी फक्त तिचा हात वर राहतो, तळवा उघडा. मला तो शॉट बघवला नाही. दादानं तो महिनाभर बघितला. मग शोधत शोधत त्याला आणखी जुना, काळापांढरा, मुका सिनेमा सापडला. त्यात बर्फाच्या जागी वाळू होती. वाळवंटातला माणूस रुतत जातो, हात वर, मूठ आवळलेली. चौकट तीच, हाताची जागा तीच, मागची रिकामी जागा तेवढीच. बर्फवाल्याने वाळूवाल्याकडून आणलं होतं, आणि मूठ उघडून परत केलं होतं. दादा असा खूश झाला की मला फोनवर ओरडून सांगायला लागला. मी म्हटलं, "तू कुठून आणणार बर्फ? केळझरच्या टेकडीवर पडणार आहे का?" तो मग हळू म्हणाला, "शोभे… कापूस."

वर्ध्याकडच्या वाचकाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. एक खोली पूर्ण, छतापर्यंत. घरातले लोक त्याच्या कडेनं चालतात, खाजवत फिरतात, पोरं त्यात उड्या मारतात आणि मार खातात. मला त्या खोलीचं लहानपणापासून भेव. पांढरं, मऊ, आवाज गिळणारं… आत तोंड घालून ओरडलं तर बाहेर काही ऐकू येत नाही. दादानं नेमकं तेच घेतलं. कारंज्याच्या अलीकडे, हायवेपासून आत एका गावात धनराजभाऊ म्हणून त्याचा मित्र राहतो, त्याची कापसाची खोली ठरली. गोष्ट साधी होती. घरातल्या कापसाच्या ढिगात काहीतरी आहे असं एका माणसाला वाटत राहतं, आणि शेवटी तो आत जातो. एवढंच. 

पण त्याच सुमारास एक वाईट गोष्ट झाली. नागपुरात छोट्या सिनेमांच्या एका कार्यक्रमात दादाचा आधीचा एक सिनेमा दाखवला. संपल्यावर एक पोरगेलासा माणूस माईक घेऊन उभा राहिला आणि यातला हा शॉट अमक्याचा, तो तमक्याचा, असं सगळं सांगून म्हणाला, "सर, यात तुमचं काय आहे?" लोक हसले. दादाही हसला. मी शेजारी बसले होते, ते माझ्या परिचयाचं हसणं नव्हतं. पुलगावला परत आल्यावर स्टुडिओचं शटर अर्धं ओढून तो बसला आणि म्हणाला, "शोभे, मले भेव वाटून राह्यलं." ज्यानं मला आयुष्यभर घाबरवलं, त्याच्या तोंडून हे! मी म्हटलं, "त्या टवळ्याचं काय मनावर घेतोस." "त्याचं नाई व. माय दवाखान्यात होती ना मागं, तिले नळ्या लावल्या होत्या. मी काचेतून पाह्यलं, आन् मले पयले काय सुचलं सांगू? असाच शॉट कोनाच्या सिनेमात होता आन् त्यानं कॅमेरा कुठी ठेवला होता. माय मरून राह्यली का जगून राह्यली, थे नंतर. माझ्या डोयात माझं काहीच नसन तं? सारं दुसऱ्याचंच भरून ठेवलं असन तं?"

मी काहीतरी समजूत घातली, पण खरं सांगते, त्या दिवसापासून ती भीती माझ्यात उतरली. तो गेला तेव्हा मी पुलगावला पोचले, बैठकीत त्याला ठेवलं होतं, डोक्याशी दिवा, आणि बायकांमधून वाट काढत मी पुढे गेले तर माझ्या मनात काय आलं? हे वरून घ्यायला हवं होतं. वरून, पंख्याच्या जागेवरून.  आपण भावाकडे बघतोय की चौकटीकडे, हे मला त्या क्षणी कळेना, आणि मी वहिनीचा खांदा इतका घट्ट धरला की तीच मला म्हणाली, "ताई, बसा तुम्ही. पानी पेता का?"

कापसाचं शूटिंग त्याआधी थंडीतच उरकलं होतं. मी गेले नव्हते. मला कुणी सोनं देतो म्हटलं असतं तरी गेले नसते. जे कळलं ते फोनवरून. सिनेमातला माणूस म्हणून आर्वीचा एक नाटकवाला ठरला होता, तो पोटापर्यंत कापसात गेला आणि खाजेने आणि घाबरून असा उठला की थेट आंघोळीला पळाला, परत आलाच नाही. मग दादानं कॅमेरा स्टँडवर लावला, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि स्वतःच आत उतरला. आत्याबाईला हे कळलं तेव्हा ती फोनवरच त्याच्यावर कडाडली, "मेल्याचं सोंग काऊन करतं रे? जितेपनी असं करू नाई!" तो म्हणाला, "माय, सोंग नाई, शूटिंग हाये." मला नंतर म्हणाला, "हात जमला व. वाळूवाल्यानं मूठ ठेवली, बर्फवाल्यानं तळवा ठेवला. म्या काय ठेवलं थे तू एडिटले बसशीन तवाच पाहजो. आता नाई सांगत." मी कामाच्या गर्दीत होते, लग्नसराई सुरू झालेली. मग उन्हाळा लागला. आणि मग वहिनीचा तो फोन.

तेरवी झाल्यावर वहिनीनं हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. "आत्याबाई मागे लागल्या हायेत, पोराचा पिक्चर दाखवा म्हणून. धनराजभाऊ म्हनते, त्याच खोलीत लावू. कापूस इकून झाला आता, खोली खालीच हाये." मी हो म्हटलं आणि ती डिस्क कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. कपाट उघडायचं झालं की दुसऱ्या कुणाला तरी सांगायची. मग हळूहळू सिनेमा मी सुरुवातीपासून जोडत आणला, जमेल तेवढा, आणि तो शेवटचा तुकडा सोडून सगळं पूर्ण केलं. तो तुकडा उघडायचा म्हणजे दादाला जाताना बघायचं. त्यातून मनात भलतंच. आत्याबाईचं बोलणं खरं ठरलं असेल, त्या सोंगानंच मरण ओढवलं असेल तर? आणि त्या हातात काहीच नसेल तर? उघडा तळवा नाहीतर मूठ, दुसऱ्याचीच, तशीच्या तशी… तर मग त्या माईकवाल्याचं खरं ठरेल, आणि दादाला उत्तर द्यायला आता जागाही नाही. मला दोन्हींचं भेव वाटत होतं, आणि कशाचं जास्त ते सांगता येत नाही.

शेवटी एका सकाळी शेजारच्या काकूंना भाजी निवडायला माझ्याच खोलीत बसवलं आणि तुकडा लावला. पांढराच पांढरा ढीग. दादा पाठमोरा चालत येतो, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि मग डोकं दिसेनासं होतं. हात वर राहतो. मी बोटांच्या फटीतून बघत होते. ना मूठ, ना तळवा. बोटं हलत होती. आधी मला वाटलं खाजवतोय. मग कळलं. अंगठा आणि दोन बोटं पुढे जात होती, चिमटीत धरत होती, ओढत होती, तळव्यात दाबत होती, परत पुढे. वेचत होता तो. बुडता बुडता त्याचा हात कापूस वेचत होता, मनगट जाईपर्यंत, बोटांची टोकं जाईपर्यंत. मी किंचाळले. काकूंच्या हातातली मेथी सांडली. "काय झालं व?" त्या पडद्याकडे बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "कोन वेचून राह्यलं?" काकूंचं माहेर सेलूकडचं, उभा जन्म शेतात गेलेला. त्यांना सांगावं लागलं नाही.

शेवटचं बोट दिसेनासं झालं तिथे मी कापलं. त्याच्यापुढे तुकडा चालूच होता, पण पडद्यावर नुसता ढीग होता, जराही न हलणारा. दादा त्यातून उठला होता, त्यानंतर कित्येक महिने जगला होता, माझ्या घरी येऊन पोहे खाऊन गेला होता, हे सगळं मला ठाऊक. तरी त्या ढिगाकडे बघत बसायची माझी छाती झाली नाही. मी पुढचं बघितलंच नाही.

धनराजभाऊंकडे दुपारी जमलो. खिडक्यांना पोती लावली, चादरीचा पडदा केला. भिंतींच्या फटींत अजून कापसाचे पुंजके अडकलेले होते, आणि बसल्या बसल्या सगळ्यांनाच जरा जरा खाज सुटली होती. आत्याबाई सगळ्यात पुढे, सतरंजीवर, पाय पसरून. वहिनी तिला टेकून. गावातली मंडळी मागे. मी लॅपटॉपजवळ, दाराच्या कडेला, पळता येईल अशी. सिनेमा सुरू झाला तेव्हा पोरं खिदळत होती. मध्यापर्यंत ती आयांच्या मांडीवर आली. शेवटी दादा कापसात शिरला. हात वर राहिला. आणि बोटं हलायला लागली तसं मागून कुणी बाई हलक्या आवाजात म्हणाली, "अव माय… वेचून राह्यला वो थो."  मनगट गेलं. बोटं गेली. पडदा काळा झाला.

आणि त्या अंधारात आत्याबाई ओरडली, "काढा ना त्याले! काढा ना बाह्यर कोनीतरी!"

 वहिनी तिला धरत होती, "आत्याबाई, पिक्चर हाये, पिक्चर हाये," आणि ती ऐकत नव्हती, सतरंजीवरून चादरीकडे सरकत होती, हात पुढे करून.  मला काय करावं कळेना. मी मूळ तुकडा शोधला, जिथं कापला होता तिथून पुढे लावला. "थांब आत्याबाई," मी म्हटलं, "थांब, येईल." आणि म्हणता म्हणताच मला कळलं की पुढे काय आहे ते मला माहीत नाही.

पांढरा ढीग. हलत नाही. सगळी खोली त्या ढिगाकडे बघत होती. ज्यांनी त्याच्या तिरडीला खांदा दिला होता तेसुद्धा बघत होते. ढीग तसाच. कुणीतरी मागे देवाचं नाव घेतलं. मी तोंडावर हात ठेवला नाही, आयुष्यात पहिल्यांदा, कारण हात लॅपटॉपवर होता आणि तो उचलवत नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. दादा आत श्वास धरून होता, शॉट पुरेसा लांब व्हावा म्हणून… आणि मग ढीग फुटला. डोकं वर आलं, केसांत, भुवयांत, मिशीत कापूस, आणि तो शिंकला. एक, दोन, परत. खोली हसली, रडली, सगळं एकदम. धनराजभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "हे पाहा, निंघाला!" पडद्यावर दादा तोंड पुसत, मान खाजवत, ढिगातून वाट काढत थेट आमच्याकडे चालत यायला लागला. जवळ. आणखी जवळ. चादरभर त्याचा चेहरा झाला. त्याने हात पुढे केला, तळव्यानं सगळं झाकलं, आणि अंधार झाला.

तुकडा तिथंच संपत होता. त्याच्यापुढे काही नव्हतं.

आत्याबाईनं मग मान वळवून मला विचारलं, "आता कुठी गेला वो?"

"कॅमेरा बंद करायले आलता, आत्याबाई," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. कुणीतरी दार उघडायला उठलं तसा तिने हात वर केला. "नोका उघडू. बसा थोडं."

आम्ही बसलो. त्या खोलीत, पोत्यांच्या अंधारात, अंग खाजत होतं आणि कुणी खाजवत नव्हतं. मला भेव वाटत होतं, फार वाटत होतं, आणि दार माझ्या हाताशी असून मला उठावंसं वाटत नव्हतं.